पायाशी घालीन

आठवीत असताना शाळेने आम्हाला समुद्राजवळच्या त्या पांढऱ्या कॅथेड्रलला नेलं होतं. वर सगळं छान होतं. रंगीत काचा, उंच छत, लांब दांड्यांना लटकलेले पंखे. मग टीचर म्हणाल्या, आता रांगेने खाली जायचं, खाली क्रिप्ट आहे. क्रिप्ट म्हणजे चर्चखालचं थडग्याचं तळघर, हे मला माहीत होतं, गोष्टींच्या पुस्तकांत वाचलेलं होतं. मी पोट दुखतंय असं सांगितलं आणि बाहेर बाकावर बसून राहिले. बाकीच्या मुली दोघी-दोघींनी हात धरून पायऱ्या उतरल्या. परत आल्या तेव्हा सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, आत एक माणूस झोपलाय. दुसरी म्हणाली, वेडी आहेस का, तो पुतळा आहे, खरा माणूस त्याच्या खाली आहे.

हे शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आले. पुढे कितीतरी दिवस मला पलंगावरून पाय खाली सोडायची भीती वाटायची. घरात मी कुणाला काही सांगितलं नाही. मी एकंदरीतच फार काही सांगत नाही.

एकोणिसाव्या वर्षी मला डेंग्यू झाला. आम्ही चेन्नईजवळ आवडीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहतो. बाबा तिथे नोकरीला आहेत. त्या वर्षी मागच्या मैदानात महिनाभर पाणी साचून होतं आणि आमच्या रांगेतल्या तीन घरांत ताप होता. माझा ताप पाचव्या दिवशी उतरला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर म्हणाले की काळजीचे दिवस आत्ता सुरू झाले, आणि मला हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं. प्लेटलेट्स रोज खाली जात होत्या. सकाळ-संध्याकाळ रक्त काढायला एक नर्स यायची आणि आई तिच्या हातातल्या नळीकडे बघायची, जसं काही आकडा नळीवरच लिहिलेला असेल.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती आणि तिच्याजवळ तिची सून बसायची. सून रोज गळ्यातला क्रॉस मुठीत धरून ओठ हलवायची. आईचं तमीळ भाजीबाजारापुरतं आहे, तरी त्या दोघींचं जमलं. ती आईला अक्का म्हणायची. हॉस्पिटलमधल्या चौथ्या रात्री माझ्या हिरड्यांतून रक्त आलं, आणि पहाटे ती सून आईला सांगत होती की कोविलच्या खाली, जमिनीत, पायऱ्या उतरून गेलं की तो आहे. तिथे जाऊन कुणी रिकाम्या हाताने परत आलेलं तिने पाहिलं नाही. जात कुठली, धर्म कुठला, तो विचारत नाही.

मी डोळे मिटून पडले होते, पण जागी होते. ती कशाबद्दल बोलते आहे हे मला पहिल्या दोन वाक्यांतच कळलं.

आईला मात्र वेगळंच दिसलं. तमीळमध्ये कोविल म्हणजे देऊळही आणि चर्चही. तिच्या माहेरी, वाईच्या अलीकडे एका गावात, महादेवाचं जुनं देऊळ आहे. गाभारा जमिनीच्या खाली आहे. नऊ पायऱ्या उतरायच्या, वाकायचं, मग काळोखात पिंडी दिसते. मी चार महिन्यांची असताना मला त्या पायऱ्या उतरून पिंडीपुढच्या ओल्या फरशीवर निजवलं होतं, कारण मी दूध टाकत होते आणि आजोळी तसा नवस बोलला होता. जमिनीखाली राहणारा देव आईच्या ओळखीचा होता. तिने वेगळं काही विचारलं नाही.

तिने तिच्या पिवळ्या ओढणीचं टोक हातात घेतलं, घट्ट गाठ मारली आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "माझी पोर उठू दे. तिला घेऊन येईन. तुझ्या पायाशी घालीन."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंडाला कोरड होती, हे खरं. पण बोलता आलं असतं. आई, तिथे देव नाही, तिथे एक मेलेला माणूस आहे, एवढंच सांगायचं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच तिच्या खांद्यांवरचा ताण थोडा सैल झालेला दिसला. मी परत डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा थोडासा वर आला. संध्याकाळी आणखी. नर्सने बोट वर करून दाखवलं, आणि आईने ओढणीच्या त्या गाठीवर हात ठेवला. त्यानंतर तर मला बोलणं शक्यच नव्हतं.

घरी आल्यावर महिनाभर माझे केस गळत होते आणि जिना चढताना धाप लागायची. आईने ओढणी धुतली, पण गाठ सोडली नाही. ती तशीच इस्त्री करून कपाटात ठेवली. नवस फिटेपर्यंत गाठ सोडायची नसते. बाबांना हे सगळं डिस्चार्ज झाल्यावर कळलं. ते म्हणाले, "औषध डॉक्टरांनी दिलं, सलाइन हॉस्पिटलने लावलं, आणि पेढे तिसऱ्यालाच." आई म्हणाली, "तुम्हाला पेढे खायचे असतील तर तसं सांगा." दोघं हसली. मी हसले नाही. मी मनात दिवस मोजत होते.

मी तीन वेळा टाळलं. एकदा परीक्षा, एकदा अशक्तपणा, एकदा खोटंच. शेवटी वर्ष उलटल्यावर, फेब्रुवारीत एका रविवारी आई म्हणाली की आता आणखी थांबलं तर देव काय म्हणेल. तिने नारळ घेतला, शेवंतीची वेणी घेतली, डब्यात शिरा घेतला. नवी ओढणी घेता आली असती, पण तिने तीच पिवळी घेतली. आवडीहून गाडीने निघालो, पार्क टाउनला उतरून दुसरी गाडी घेतली, पुढे रिक्षा. वाटेत मी चार वेळा तोंड उघडलं. एकदा तर "आई" एवढं म्हटलंही. ती म्हणाली, "काय गं? पाणी हवंय?" मी पाणी प्यायले.

चर्चच्या मागच्या बाजूने खाली जाणाऱ्या पायऱ्या दगडी नव्हत्या. स्वच्छ फरशीच्या, कठडा असलेल्या, दिवे लावलेल्या होत्या. त्यानेच मला जास्त भीती वाटली. काळोख असता तर न बघण्याची सोय होती. चपला वर काढून ठेवल्या. आई पुढे, मी मागे. ती प्रत्येक पायरीला थांबून उंबऱ्याला करतात तसा हात लावून कपाळाला लावत होती. मागे एक बाई तान्हं मूल घेऊन येत होती, तिला आमच्यामुळे थांबावं लागत होतं, आणि मला त्याचीही लाज वाटत होती.

खाली एसीचा गारठा होता. मेणाचा, मोगऱ्याचा आणि बंद कपाटासारखा एक वास. सात-आठ बाक होते, त्यांवर माणसं गुडघ्यावर बसलेली. कुणी बोलत नव्हतं. एका कोपऱ्यात खुर्चीवर एक वयस्कर देखरेखवाले गृहस्थ बसले होते. आणि समोर काचेमागे, दिव्याच्या उजेडात, तो आडवा होता. उशीवर डोकं, अंगावर लाल वस्त्र, पाय आमच्याकडे नाही तर डावीकडे. मला बाकावरची ती सकाळ आठवली. पुतळा आहे, खरा माणूस त्याच्या खाली आहे. मी जिथे उभी होते तिथली फरशी आणि तो, यांत किती अंतर असेल याचा विचार मी करत होते आणि तो थांबवता येत नव्हता.

आईने हात जोडले. तिचा चेहरा उजळला होता.

"शेषशायी आहे होय," ती कुजबुजली. "झोपलेला विष्णू. मला वाटलं, पिंडी असेल."

चेन्नईत इतकी वर्षं काढल्यावर झोपलेला विष्णू तिला नवा नव्हता. तिने नारळ पुढे ठेवला आणि ओढणीची गाठ हातात घेतली. मग मला म्हणाली, "ये. पायाशी नीज थोडी. लाजू नकोस, इथे कोण ओळखतंय आपल्याला."

मी जागची हलले नाही. ती पुन्हा म्हणाली. तेव्हा मी सांगितलं. सांगतानाही मी सौम्य शब्द शोधला.

"आई, ही समाधी आहे."

"समाधी? मग बरंच की. संतांची समाधी जागृत असते. स्वतःहून घेतली होती का त्यांनी?"

"नाही. येशूचे शिष्य होते. त्यांना भाल्याने मारलं म्हणतात. मग इथे पुरलं."

आईने समोर बघितलं. काच, लाल वस्त्र, उशी. मग आजूबाजूला बघितलं. भिंतीवरचा क्रॉस, गुडघ्यावरची माणसं. ती आधीपासून हेच सगळं बघत होती, पण आत्ता तिला ते दिसलं.

"थडगं," ती म्हणाली. "मी तुला थडग्याशी घालायचं कबूल केलंय."

तिचा आवाज इतका बारीक होता की शेजारच्या बाकावरच्या माणसाने मान वर केली नाही. तिथे आमच्याशिवाय मराठी कुणालाच येत नव्हतं, तरी मला वाटलं की सगळ्यांनी ऐकलं. काचेमागच्यानेही.

मी म्हटलं, चल, जाऊ या. ती म्हणाली, "न फेडता? जे मागितलं ते मिळालंय. बोललेलं परत घेता येत नाही." मग मी म्हटलं की मी निजते, दोन मिनिटांचं काम आहे, मला काही वाटत नाही. हे म्हणताना मी मात्र एक पाऊल मागे सरकले. आईची नजर माझ्या पायांकडे गेली.

आता मला समजतं की ती तेव्हा काय बघत होती. वर्षभरापूर्वी याच पोरीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. जिवंत माणसाला थडग्यापुढे आडवं करतात का कधी? आमच्यात स्मशानातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय पाण्याच्या भांड्याला हात लावत नाहीत. आणि इथे तिने स्वतःच्या तोंडाने, गाठ मारून, मुलीला तिथे आणून निजवायचं वचन दिलं होतं. निजवलं तर मुलगी मृत्यूच्या हवाली केल्यासारखं. न निजवलं तर नवस मोडला. मोडलेल्या नवसाचं काय होतं त्याच्या तिच्या गावातल्या दोन गोष्टी मी लहानपणी ऐकल्या होत्या, आणि दोन्हींत लेकरूच जातं.

तिने पर्स माझ्या हातात दिली.

"तू नको," ती म्हणाली.

आणि ती फरशीवर उतरली. आधी गुडघे, मग हात, मग ती पूर्ण पालथी पडली, डोकं काचेकडे, कपाळ जमिनीला. माझी आई, जी क्वार्टर्सच्या हळदीकुंकवालासुद्धा शेवटच्या रांगेत बसते. देखरेखवाले खुर्चीतून अर्धवट उठले. बहुधा तिथे असं आडवं पडू देत नसावेत. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत बसले. तान्हं मूल घेतलेली बाई थोडी बाजूला सरकली.

आईचे ओठ फरशीला टेकलेले होते, तरी मला ऐकू आलं. ती म्हणाली, "हिच्या जागी मी."

तीनच शब्द. ती उठली, कपाळ पुसलं, शिऱ्याचा डबा उघडून देखरेखवाल्यांना दिला आणि माझ्याआधी पायऱ्या चढून वर गेली.

घरी आल्यावर तिने मला आधी अंघोळीला पाठवलं, मग स्वतः गेली. दोघींचे कपडे बादलीत भिजवले. बाबांनी विचारलं की फिटला का नवस एकदाचा. आई म्हणाली, हो. झालेला सगळा घोटाळा तिने त्यांना थोडक्यात सांगितला, शेवट सोडून. ते हसले आणि म्हणाले, "यापुढे नवस बोलायच्या आधी अटी नीट वाचत जा."

मी रात्री कपाट उघडून पाहिलं. भिजवलेल्या कपड्यांत ओढणी नव्हती. ती वाळवलेल्या साड्यांच्या खाली होती, आणि तिची गाठ तशीच होती. म्हणजे नवस फिटलेला नव्हता. आईने फक्त त्यातलं माणूस बदललं होतं, आणि आता ती वाट बघत होती.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती मला गॅसचं पुस्तक कुठे असतं ते दाखवू लागली. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या डब्यात आणि कधी. गोडा मसाला कसा करायचा ते तिने मला शेजारी उभं करून शिकवलं, आणि मी वहीत लिहून घेत नाही म्हणून रागावली. एरवी यात काय होतं? प्रत्येक आई शिकवते. पण मला प्रत्येक गोष्टीत तेच ऐकू यायचं. हिच्या जागी मी.

जूनमध्ये तिला खोकला झाला. आधी साधाच वाटला. मग संध्याकाळचा ताप. दोन आठवडे झाले, तीन झाले. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितलं. आई चिठ्ठी फ्रीजवर लावून विसरली. बाबा आठवण करायचे, ती उद्या म्हणायची. एके दिवशी मी चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिने ती परत चुंबकाखाली ठेवली.

"असू दे गं," ती म्हणाली. "जे व्हायचं ते होईल. तू बरी आहेस ना?"

बाबा बाहेर चपला घालत होते. त्यांना यात काही वावगं ऐकू आलं नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. ती खोकत होती, आणि तिला वाटत होतं की हे ठरल्याप्रमाणेच चाललं आहे.

बाबांना सांगावं, असं वाटलं. पण काय सांगणार? की आई स्वतःला देऊन आली आहे? मी नवसावर विश्वास ठेवते का, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण तिचा विश्वास होता, आणि त्यामुळे ती एक्स-रे काढत नव्हती. हे खरं होतं.

गुरुवारी मी कॉलेजला जाते असं सांगून निघाले आणि एकटीच तिकडे गेले. पायऱ्यांपाशी दहा मिनिटं उभी राहिले. कुणाचं तरी येणं-जाणं असेल तर त्यांच्या मागून उतरावं असं ठरवलं होतं, पण कुणी आलं नाही. शेवटी कठडा धरून उतरले. खाली दोनच माणसं होती, मागच्या बाकांवर. देखरेखवाले तेच होते. त्यांनी मला ओळखलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"अम्मा कशी आहे?" त्यांनी तमीळमध्ये विचारलं.

मला एकदम वाटलं, यांना माहीत आहे. त्यांनी सहज विचारलं होतं, आडवी पडलेली बाई ते विसरले नसणार इतकंच. मी बॅग बाकावर ठेवली. नारळ आणला नव्हता, फुलं आणली नव्हती. पायाशी, आई म्हणाली होती, म्हणून मी डावीकडे गेले, जिथे त्या पुतळ्याचे पाय होते, आणि फरशीवर उताणी निजले. पालथं पडणं जमलं नसतं. खाली तोंड करून त्या अंतराचा विचार करणं जमलं नसतं.

फरशी इतकी गार होती की पाठ आखडली. वर छतात एक दिवा सतत बारीक आवाज करत होता. मी डोळे उघडे ठेवले. मिटले तर कुणीतरी माझ्याशेजारी आडवं असल्यासारखं वाटेल, अशी खात्री होती. माझ्या खाली खरा माणूस आहे. मी मोठ्याने बोलायचं ठरवलं होतं, पण मनातच म्हटलं. आईने मला आणायचं कबूल केलं होतं. मी आले आहे. तिने नंतर जे काही म्हटलं ते धरू नका. मला "अहो" म्हणावं की "अरे" हे कळत नव्हतं, म्हणून मी "अहो" म्हटलं.

किती वेळ गेला माहीत नाही. उठले तेव्हा देखरेखवाले दुसरीकडे बघत होते. मुद्दामच, बहुतेक.

घरी पोहोचले तेव्हा आई झोपली होती, दुपारीच, एरवी ती तेव्हा कधी झोपत नाही. मी अंघोळ केली. मग कपाटातून ओढणी काढली. दीड वर्षाची गाठ, धुऊन, वाळून, इस्त्री होऊन दगडासारखी झालेली. नखांनी सुटेना. शेवटी सेफ्टी पिन घालून एकेक पदर सैल केला. सुटली तेव्हा त्या कापडाला इतक्या चुण्या होत्या की ते सपाट होईना. मी ती तशीच घडी करून ठेवली.

आईला ती दोन दिवसांनी सापडली. ती ओढणी हातात घेऊन दारात आली. मी अभ्यासाला बसले होते.

"कधी गेलीस?"

"गुरुवारी."

"निजलीस?"

"हो."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती आत आली आणि तिने उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला. मग गालावर, मग मानेवर. मला अजिबात ताप नव्हता. तरी तिने हात काढला नाही. मग ती म्हणाली, "आता मला ठीक राहायला हवं. तुझ्याकडे बघायला कोण आहे?"

त्याच संध्याकाळी ती बाबांबरोबर जाऊन एक्स-रे काढून आली. छातीत कफ साठलेला होता. पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी खोकला गेला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी अजूनही तिथून जाणाऱ्या बसने जात नाही. आईने त्यानंतर कुठला नवस बोललेला मी ऐकलेला नाही. पण रोज सकाळी, दूध तापायला ठेवायच्या आधी, ती माझ्या खोलीत येते आणि उलटा हात माझ्या कपाळावर ठेवते. मी झोपेचं सोंग घेते. तिला वाटतं, ती मला ताप आहे का ते बघते आहे. मी हलत नाही, आणि तिचा हात गरम आहे का ते बघते.